पावसाचं बिल आणि माझ्या पोटातलं पाणी

अहो, इकडे. दारांकडे नका बघू, दोन दारांच्या मधे बघा. छपराच्या पन्हळीपासून जमिनीपर्यंत भिंतीला चिकटून उभा आहे ना, तोच मी. बिडाचा नळ. पावसाचं पाणी वरून घ्यायचं आणि खाली सोडायचं, एवढंच माझं काम. यॉर्कशरच्या या टेकडीवर पाऊस पुष्कळ, तरी मधे मधे उसंत मिळतेच. आणि उसंत मिळाली की कान लांब होतात. माझ्या डाव्या खांद्याला बेरिल ओल्डरॉइडचं घर, उजव्या खांद्याला नेव्हिल हेन्सवर्थचं. इकडे किटली ठेवली की मला कळतं, तिकडे बिस्किटांचा डबा उघडला की मला कळतं. कुणी याला चोंबडेपणा म्हणेल. मी शेजारधर्म म्हणतो.

माझा जन्म टेकडीच्या पायथ्याशी, ओतकामाच्या कारखान्यात झाला. तांबडं लाल बीड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर साचा फोडला, आणि मी बाहेर आलो तो काळाकुट्ट, जडशीळ आणि पोकळ. माझ्यासारखे पुष्कळ भाऊ त्या दिवशी जन्मले. कोण कुठे गेला देव जाणे. मला घोडागाडीत घालून वर आणलं, कारण गिरणीतल्या कामगारांसाठी इथे दगडी घरांची नवी ओळ उठत होती.

ओळीच्या टोकाची ही दोन घरं जोडीची. एकच छप्पर, मधे एकच भिंत, आणि दोघांत मिळून मी एक. मला अगदी हद्दीवर ठोकलं. म्हणजे ठोकायचं होतं हद्दीवर, पण गवंड्याचा हात जरा सरकला आणि माझा पाय चार बोटं डावीकडे पडला. ही चार बोटं लक्षात ठेवा, पुढे यांनीच घोळ घातला.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण हे फक्त मला ठाऊक होतं. तेव्हा आमच्या टोकापर्यंत पावसाच्या पाण्याला गटार नव्हतं. म्हणून त्याच गवंड्याने पुढच्या बागेत एक खोल खड्डा खणला, त्यात विटांचे तुकडे आणि दगडगोटे भरले, माझ्या पायापासून तिथवर मातीचा नळ टाकला आणि वर माती लोटून दिली. मागच्या छपराचं पाणीही घराखालून माझ्याच पायाशी आणलं. झाला शोषखड्डा तयार. छपरावर पडलेला प्रत्येक थेंब माझ्या पोटातून त्या खड्ड्यात जातो आणि तिथून निवांत जमिनीत मुरतो. गवंडी गेला, पहिले भाडेकरू गेले, लढाईच्या दिवसांत बंदुकांसाठी कुंपणाच्या लोखंडी सळया कापून नेल्या, त्यातून मी कसाबसा वाचलो. रस्त्याखाली नवीन गटार आलं. आणि आमचा खड्डा सगळे विसरून गेले. त्याच्यावर बेरिलच्या आईने रुबार्ब लावला.

या गावात रुबार्ब घरोघरी. लाल आंबट देठ, साखर घालून शिजवायचे, वर पिठाचा चुरा पसरून भट्टीत भाजायचे. पण बेरिलचा रुबार्ब म्हणजे हत्तीच्या कानाएवढी पानं. लोक विचारायचे, "काय घालतेस गं खाली?"

"कष्ट," बेरिल म्हणायची.

मी मनात म्हणायचो, कष्ट तुझे, पाणी माझं.

बेरिल याच घरात जन्मली. लग्न केलं नाही. शाळेच्या जेवणघरात जन्मभर स्वयंपाक केला आणि गावातली निम्मी पोरं तिच्या हातच्या वाटाण्यांवर वाढली. तिचं एक व्रत होतं, आईकडून आलेलं. दर शनिवारी सकाळी बादली, गरम पाणी, सोडा आणि खराटा घेऊन बाहेर यायचं आणि दारची दगडी पायरी, पुढची फरशी लख्ख धुवायची. घरात चार दिवस झाडू फिरला नाही तरी चालेल, पण पायरी मळकट दिसता कामा नये. पायरी म्हणजे अब्रू.

नेव्हिल त्या मानाने नवा. बस चालवायचा. बायको जॉयससकट शेजारी राहायला आला, तोही आता म्हातारा झाला. जॉयस दुखणं होऊन गेली त्या आठवड्यात बेरिलने नेहमीसारखी आपली पायरी धुतली, खराटा घासत घासत माझ्या पायापाशी आली, आणि थांबलीच नाही. हात तसाच पुढे गेला. नेव्हिलची पायरीही धुऊन झाली. तो दाराआड उभा होता, मला ठाऊक आहे. बाहेर आला नाही. पण तेव्हापासून दर शनिवारी खराटा हद्द ओलांडायचा. आणि दर शुक्रवारी नेव्हिल कोपऱ्यावरच्या दुकानातून दोघांना तळलेला मासा आणि बटाट्याचे काप आणायचा. बेरिलने पाव-लोणी आणि वाटाणे तयार ठेवायचे, मग दोघं तिच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्या गल्लीची उणीदुणी काढायचे. मी बाहेरून ऐकायचो. आम्ही तिघं म्हणा ना.

अशी घडी बसलेली असताना आलं ते बिल.

तसं बघितलं तर बिल नेव्हिलनेच ओढवलं. "बेरिल, तू एकटी बाई. घरात पाणी लागतं किती? मीटर बसवून घे, स्वस्त पडेल," असं तोच वर्षभर तिच्या कानीकपाळी ओरडत होता. शेवटी तिने बसवला. आणि मीटरवरचं पहिलं बिल आलं ते ओळीओळीने, प्रत्येक गोष्टीचा आकार वेगळा. बिल खरंच कमी झालं होतं. पण बेरिलची नजर खालच्या बेरजेकडे गेलीच नाही, ती मधल्या एका ओळीवर अडकली. चष्मा लावून पायरीवर उभी राहून तिने ती ओळ मोठ्याने वाचली.

"पृष्ठजल निचरा."

पुन्हा वाचली. मग बिल खाली करून आपल्या पायांखालच्या पायरीकडे बघितलं. पृष्ठ म्हणजे वरचा भाग. वरच्या भागावरचं पाणी. आणि ते वाहून जातं त्याचा आकार. पायरीचं पाणी! दुसरं कुठलं?

सांगायला मला तोंड आहे, पण ते जमिनीत गाडलेलं. ओरडलो तरी ऐकणार कोण, गांडुळं.

पुढच्या शनिवारी बादली बाहेर आली नाही. बेरिल खिडकीत उभी राहून पायरीकडे बघत होती, जेवणाच्या वेळी उपाशी बसवलेल्या पोरासारखी. त्याच्या पुढचा शनिवारही तसाच गेला. पायरीच्या कडेला हिरवट शेवाळ धरायला लागलं. लाजेने ती मागच्या दाराने जा-ये करायला लागली.

पायऱ्या धुतल्या जात नाहीत हे नेव्हिलने बघितलं होतं, पण कारण त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी तो शीळ घालत गाडी धुवायला बाहेर आला. फेसाचा ओघळ उतारावरून बेरिलच्या पायरीला वळसा घालून रस्त्याकडे निघाला. लगेच दार उघडलं.

"नेव्हिल, ते पाणी आवर."

"कुठलं पाणी?"

"तुझ्या गाडीचं. माझ्या दारावरून जातंय. माझ्या बिलात लागतंय ते!"

"काय लागतंय?"

"पृष्ठजल निचरा. सरळ छापलंय. मी पायरी धुते त्याचं आणि तू गाडी धुतोस त्याचं. माझं मी बंद केलं. तुझं तू बघ."

आणि नेव्हिल हसला.

इथेच चुकलं. हसायचं होतं तर घरात जाऊन हसायचं. "अगं बेरिल, म्हणून पायरीची ही दशा? फरशीवर सांडलेलं पाणी मोजायला माणूस ठेवलाय की काय त्यांनी? झुडपात वही घेऊन बसतो?" समोरच्या घरातल्या दोघी मायलेकी खिडकी पुसत होत्या. त्यांना हे ऐकू गेलं. त्याही हसल्या.

बेरिलच्या मानेपासून वर लाली चढत गेली. मग ती अगदी हळू बोलली.

"मीटर बसवा म्हणून तुम्हीच मागे लागला होतात, मिस्टर हेन्सवर्थ."

मिस्टर हेन्सवर्थ! आणि "तुम्ही"! जॉयसला पुरून आल्यावरच्या जेवणाला सुद्धा ती त्याला "तू खाऊन घे" म्हणाली होती. माझ्या सांध्यातला गंज थरथरला.

"आणि गाडीचं सोडा," ती पुढे म्हणाली, "तुमच्या अख्ख्या छपराचं पाणी या नळातून उतरतं. नळाचा पाय माझ्या हद्दीत आहे. चार बोटं आत. म्हणजे तेही माझ्याच माथी!"

नेव्हिल आता हसत नव्हता. पण माणसाचं बघा, वरमायचं सोडून तोही चढला. "एवढंच ना, मिस ओल्डरॉइड? मग हा नळच काढून टाकतो. माझ्या बाजूला मी प्लास्टिकचा बसवून घेतो. तुमच्या हद्दीत माझा एक थेंब पडणार नाही. मग तर झालं?"

"उत्तम झालं."

दोन्ही दारं एकदमच आपटली. मधे मी. एका वाक्यात माझा निकाल लागला होता, आणि त्यांच्या शुक्रवारांचाही.

त्या शुक्रवारी नेव्हिल सवयीने दोन मासे घेऊन आला. फाटकाशी थबकला. हातातल्या कागदाच्या पुडक्याकडे बघितलं, बेरिलच्या दाराकडे बघितलं, आणि आपल्या घरात गेला. दुसरा मासा त्याने गल्लीतल्या मांजराला घातला. इकडे बेरिलने वाटाणे दोघांपुरतेच शिजवले होते. ती पातेलं घेऊन बराच वेळ उभी होती. वाटाणे थंड होतात त्याचा आवाज येत नाही, पण मला कळतं.

मग गॅरी आला. गॅरी म्हणजे पन्हळी आणि नळ बसवणारा, गोल पोटाचा, सदा आनंदी. माझ्या अंगावर टकटक करून म्हणाला, "बीड! भंगारवाला हसत हसत नेईल. मिस्टर हेन्सवर्थ, गुरुवारी येतो. तुमचा नवा नळ सरळ या वाटेखालच्या गटारात सोडून देतो. सोपं काम."

गुरुवारपर्यंत पाऊस पडला आणि मी प्रत्येक थेंब जरा जपूनच खाली सोडला.

गुरुवारी सकाळी गॅरीने शिडी लावली. हातोडी कमरेला अडकवून दोन पायऱ्या चढतोय तोच बेरिल दारात. अंगावर शाळेतला पांढरा एप्रन, हातात घरी मुरवलेल्या बीटच्या दोन मोठ्या बरण्या.

"थांबा. नळ काढण्याआधी मला एक सिद्ध करायचंय."

"बाई, मी नाश्ता करून आलोय," गॅरी म्हणाला.

"खायला नाही हे. मिस्टर हेन्सवर्थ म्हणतात मी वेडी. हे लाल पाणी त्यांच्या बाजूच्या पन्हळीत ओता. आणि ते माझ्या दारासमोरच्या गटारात उतरलं की त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, कुणाचं पाणी कुणाच्या बिलात जातंय ते."

नेव्हिल बाहेर आला होता. "ओता," तो म्हणाला. "मलाही बघायचंय." वाटेवरचं गटाराचं लोखंडी झाकण त्याने सळईने उचललं. दोघं दोन बाजूंनी वाकले. आधी बेरिलने आत जाऊन मोरीत चहाची किटली रिकामी केली. खाली चहाचं पाणी पत्तीसकट सळसळत गेलं. म्हणजे गटार बरोबर हेच.

मग गॅरीने वरून पहिली बरणी ओतली. गारगार, आंबट, लालभडक! पावसाशिवाय जन्मात काही प्यायलो नव्हतो मी. ते माझ्या घशातून उतरलं, पोटातून गेलं, पायाशी वळलं आणि बागेकडे निघालं.

गटारात काही नाही.

"दुसरी ओता," बेरिल म्हणाली.

दुसरी ओतली. मागून दोन बादल्या पाणी ओतलं. मागच्या अंगणात जाऊन तिथल्या पन्हळीतही फडताळातली तिसरी बरणी रिकामी केली. गटार कोरडं ठणठणीत. दोघांची डोकी आत इतकी वाकली होती की एकमेकांवर आपटली.

"आई गं!" बेरिल म्हणाली.

"तुला... तुम्हाला लागलं?"

"नाही."

"अख्खे बीट पिऊन बसला हा म्हातारा," शिडीवरून गॅरी म्हणाला. "गेलं कुठे?"

माझ्या आयुष्यात बोलायची संधी एकदाच आली, ती हीच. पाणी खाली गेलं की माझ्या पोटात हवा उलटी चढते. नेहमी मी ती हळूच सोडतो. त्या दिवशी सगळी एकदम सोडली. आणि बागेतून, रुबार्बच्या पानांखालून, आवाज आला.

गुळुक.

तिघांनी वळून बघितलं. मी पुन्हा केलं. गुळुक, गुळुक.

गॅरी शिडीवरून उतरला, सळई घेऊन रुबार्बच्या शेजारी मातीत खुपसली. ती सरसर आत गेली आणि विटांवर खणकली. बाहेर काढली तर टोक ओलं, आणि टोकाला लाल रंग. "शोषखड्डा आहे इथे," तो म्हणाला. "तुमच्या दोघांचंही पाणी इथेच मुरतंय. गटाराशी याचा संबंधच नाही. मग निचऱ्याचे पैसे कसले भरताय तुम्ही? आधी फोन करा त्यांना. नळाचं मग बघू."

फोन नेव्हिलने लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. पलीकडे पाणी कंपनीतली ट्रेसी नावाची बाई होती, सर्दीने बेजार.

"असं बघा," नाक ओढत ट्रेसी म्हणाली, "तुमच्या घरात येतं ते पाणी एक. वापरून मोरीतून, संडासातून जातं ते दुसरं. आणि छपरावर, अंगणात पडलेला पाऊस आमच्या गटारात येतो, तो तिसरा. त्यालाच पृष्ठजल म्हणतात."

"म्हणजे पावसाला बिल?" बेरिलचा आवाज चढला.

"नाही हो. पाऊस फुकट. तो वाहून न्यायला बिल."

"आणि आमचा पाऊस तुमच्याकडे येतच नसेल तर?" नेव्हिल म्हणाला.

"तर ती ओळ काढून टाकता येते. पण तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार कसं? आम्ही धरून चालतो की सगळ्यांचा पाऊस गटारात येतो. दोघांनी वेगवेगळे अर्ज करा, नळ कुठून कुठे जातो त्याचं चित्र काढून पाठवा. कदाचित कुणीतरी बघायला येईल. फक्त तो नळ गटाराला जोडू मात्र नका, नाहीतर ओळ परत लागेल."

गॅरीने हातातली हातोडी हळूच खाली ठेवली.

बेरिल फोनच्या अगदी जवळ गेली. तिला एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारताना तिने नेव्हिलकडे पाठ केली.

"आणि पायरी?"

"कसली पायरी?"

"दाराची. मी धुते ती. तिचं पाणी..."

पलीकडे ट्रेसी शिंकली. "पायरी खुशाल धुवा हो. बादलीभर पाण्याचं जे काय होतं तेवढंच मीटरवर. तिचा या ओळीशी काही संबंध नाही. माझी आजी धुवायची, शनिवारी."

"मीही शनिवारी," बेरिल म्हणाली. फार हळू.

आता सगळं नेव्हिलवर होतं. त्याने हसावं की नाही. गॅरी बघत होता, समोरच्या खिडकीतल्या मायलेकी बघत होत्या, मी तर श्वास धरून होतो. नेव्हिलने टोपी काढली, डोकं खाजवलं.

"खरं सांगू बेरिल?" तो म्हणाला. "माझ्या बिलात ही ओळ इतकी वर्षं येतेय. मला वाटायचं, तो कालवा साफ करायचा पैसा आहे. दर वर्षी मनात म्हणायचो, एवढे पैसे घेतात आणि कालवा बघा केवढा घाण!"

बेरिल वळली. तिच्या ओठाचं एक टोक हललं.

"कालवा?"

"कालवा."

"आणि मला वेडी म्हणत होतास? मेल्या!"

आणि ती जी हसायला लागली ती एप्रनने डोळे पुसत पायरीवर बसलीच, त्या शेवाळलेल्या पायरीवर. नेव्हिल हसला, गॅरी हसला. समोरच्या मायलेकींना काय झालं ते कळलं नाही, तरी त्याही हसल्या. मी म्हटलं, "मेल्या" आलं, आता जगलो.

पुढचं थोडक्यात. माझं चित्र काढलं नेव्हिलने. मी जरा जाडा दिसलो त्यात. कंपनीचा माणूस बघायला आला, सळई खुपसून खात्री करून गेला, आणि दोघांच्या बिलातली ती ओळ गेली. मागचं किती परत मिळालं ते मी ऐकलं नाही, चोंबडेपणालाही काही मर्यादा असते. गॅरीला नवा नळ बसवायला मिळाला नाही, पण माझे सांधे भरून रंग द्यायचं काम मिळालं. रंगावरून दोघं पुन्हा भांडले. नेव्हिलला काळा हवा होता, बेरिलला हिरवा. हे भांडण "तू"वरच चाललं, म्हणून मी निश्चिंत होतो. शेवटी मी बीटच्या रंगाचा झालो. या गल्लीत असा नळ दुसरा नाही, आणि टपालवाला तर आता पत्ता न वाचता मला बघूनच वळतो.

माझं मागणं फार नाही. पुढचा पाऊस आला की खिडकी लावण्याआधी क्षणभर तुमच्या भिंतीवरच्या नळाला कान लावा, आणि पाणी जातं कुठे ते विचारा. आमच्यातले काही गटारात रिकामे होतात, काही रुबार्बखाली. आम्ही सांगतो, फक्त जरा उशिरा सांगतो.

त्या गुरुवारनंतरचा शनिवार सांगतो आणि गप्प बसतो. सकाळी दार उघडलं. बादली, गरम पाणी, सोडा, खराटा. बेरिलने पायरीवरचं शेवाळ खरवडून काढलं, दगड मूळच्या पिवळ्या रंगावर आणला. मग घासत घासत फरशीवरून माझ्या पायापाशी आली. चार बोटं या बाजूला. खराटा थांबला. मी वर छपराकडे बघितलं, ढग नव्हता. उरलेलं पाणी तिने एकदम पुढे लोटलं, आणि ते माझ्या पायाला भिजवून नेव्हिलच्या पायरीवर गेलं. खराटा पाठोपाठ.

नेव्हिल चहाचा कप घेऊन दारात आला. "बेरिल, तुझं पाणी माझ्या हद्दीत आलं."

तिने मान वर केली नाही. "मग पाठव बिल," म्हणाली. "आणि पाय उचल, तिथे घासायचंय मला."